काजू एकच, पोटं दोन

सुकामेव्याची एक वाटी डोळ्यांसमोर आणा. चार काजू, चार बदाम, मूठभर खारे शेंगदाणे, वर थोडे बेदाणे. तुम्ही ती खाल्लीत तर चार वाजताची भूक भागेल, एवढंच. तीच वाटी टीपॉयवरून खाली सांडली आणि तुम्ही वळून बघेपर्यंत घरातल्या कुत्र्यानं फस्त केली, तर? बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण कधी कधी त्याच वाटीमुळे दोन-तीन दिवसांत कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडतात. पदार्थ तेच, भांडं तेच, फक्त पोट बदललं. मग या दुसऱ्या पोटात असं काय घडतं?

हा प्रश्न तंजावरात बसून विचारावा असा आहे. या गावात मराठी राजांनी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं राज्य केलं, आणि त्यांच्यातल्या दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) इथे धन्वंतरी महाल उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारी माणसं तिथे एकत्र काम करत, आणि औषधं तयार होत ती माणसांसाठी आणि जनावरांसाठीही! राजांच्याच सरस्वती महाल ग्रंथालयातून नकुलाचं अश्वशास्त्र आणि पालकाप्याचं गजशास्त्र विसाव्या शतकात छापून बाहेर आलं. घोड्याचं शरीर वेगळं, हत्तीचं वेगळं, तेव्हा दोघांचं वैद्यकही वेगळं, हे या ग्रंथांना पक्कं ठाऊक होतं. तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडूला सरफोजींनी १८०२ साली मुक्तांबाळ छत्र बांधलं. वाटसरूंच्या जेवणाखाणाची आणि मुक्कामाची तिथे सोय होती. त्याच ओरत्तनाडूत २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि संशोधन संस्था आहे. शिवाय पट्टुकोट्टै-पेरावूरणीची नारळाची बनं, कुंभकोणमची विड्याची पानं आणि त्यासोबतची सुपारी, देवळातल्या प्रसादाचा शेंगदाणे घातलेला चिंचभात, हे सगळं याच मुलखातलं. म्हणजे आपल्या प्रश्नाला लागणारं सामान इथेच हाताशी आहे.

सुरुवात तोंडापासून करू. माणसाच्या जिभेवर हजारोंनी रुचिकलिका असतात. कुत्र्याच्या जिभेवर त्यांचा आकडा साधारण १,७०० च्या आसपास. खाण्याजोगं काय हे तो प्रामुख्यानं नाकानं ठरवतो, आणि एकदा ठरलं की चवीसाठी थांबत नाही. त्याचा जबडाही आपल्यासारखा आडवा फिरत नाही. तो कापतो, फोडतो आणि गिळतो. म्हणून काजू पोटात अख्खाच उतरतो, आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी विष्ठेतून जवळजवळ अख्खाच बाहेर पडतो.

मग कुत्रा हा निव्वळ मांसाहारी प्राणी, त्याला दाणे पचणारच नाहीत, असं म्हणावं का? इथे पहिला धक्का बसतो. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. पिष्टमय अन्न फोडणारा पाचकरस बनवण्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती मिळाल्या. कुत्र्यात? ४ पासून ३० पर्यंत! माणसानं शेती सुरू केली, धान्य शिजवलं, उरलंसुरलं बाहेर टाकलं, आणि उकिरड्याशी बसलेल्या जनावराचा स्वादुपिंड पिढ्यानपिढ्या बदलत गेला. कावेरीच्या काठी आज एखादं कुत्रं ताक-भात खाऊन निवांत झोपतं, त्यामागे हजारो वर्षांचा हा सहवास आहे. आपण शेती शिकलो आणि ती त्याच्या शरीरात लिहिली गेली!

पण पिष्ट वेगळं आणि तेल वेगळं. शंभर ग्रॅम काजूत सुमारे ४४ ग्रॅम चरबी असते. बदाम आणि शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं वजन तेलाचं, अक्रोडात त्याहूनही जास्त. आता हिशेब करा. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी पुरतात आणि शंभर ग्रॅम काजूतच साडेपाचशे असतात. म्हणजे त्यानं दोन मिनिटांत जवळजवळ अख्ख्या दिवसाचं अन्न गिळलं, तेही तुपकट.

याचा ताण येतो स्वादुपिंडावर. हा अवयव मांस आणि चरबी विरघळवणारे रस बनवतो. पण तो स्वतः मांसाचाच असतो, मग तो विरघळत का नाही? कारण रस तयार होतात ते झोपलेल्या अवस्थेत. शिवकाशीच्या फटाका कारखान्यात दारू आणि ठिणगी एकमेकींपासून लांब ठेवतात, तसं. रस आतड्यात उतरला की तिथे त्याला जाग येते. एकदम फार चरबी आली की काही कुत्र्यांमध्ये ही शिस्त मोडते, रस जागच्या जागी जागे होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतो. कुत्रा ओकतो, अन्नाला तोंड लावत नाही, पोटाला हात लावू देत नाही. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवायची आणि मागचा भाग वर धरायचा, अशा विचित्र आसनात तो उभा राहतो, कारण तेवढ्यानं पोटातली कळ जरा सुसह्य होते. हे सगळं खाल्ल्याबरोबर होत नाही. एक-दोन दिवस मध्ये जातात, त्यामुळे पुष्कळ घरांत परवाचे काजू कोणाला आठवतही नाहीत. तेव्हा मूठभर दाणे पोटात गेले असतील तर पुढचे तीन दिवस नजर ठेवा, हलकं अन्न थोडं थोडं द्या, पाणी भरपूर ठेवा. अधूनमधून पडलेल्या एक-दोन साध्या भाजक्या काजूंची किंवा शेंगदाण्यांची काळजी करू नका.

आता खरी चकित करणारी गोष्ट. शेंगदाणा स्वतः निरुपद्रवी, पण त्याच्यावर जे वाढतं ते निरुपद्रवी असेलच असं नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. रोगजंतू सापडेना, म्हणून त्या रोगाला नुसतं ‘एक्स’ असं नाव मिळालं. शोधता शोधता लोक पोहोचले पक्ष्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. ती ब्राझीलहून आलेली होती आणि तिच्यावर अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढलेली होती. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. हा शोध लागल्यावर आणखी एक जुनं कोडं सुटलं. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९५०च्या दशकात कुत्री यकृत निकामी होऊन मरत होती. तीही याच विषानं!

आणि मग आपल्याकडचं १९७४ साल. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल हे शेजारशेजारचे जिल्हे. अवेळी पावसात मका भिजला, त्याला बुरशी आली, आणि खायला दुसरं काही नसलेल्या आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. सुमारे ४०० माणसं काविळीनं आजारी पडली, १०६ दगावली. पण या साथीत डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: त्याच घरांतलं उरलेलं अन्न खाणाऱ्या कुत्र्यांनाही कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, आणि तीही मेली. माणसाचा एखादा संसर्गजन्य रोग असता तर कुत्री त्याच वेळी तशाच लक्षणांनी का मेली असती? दाराशी बसलेलं जनावर सांगत होतं की दोष हवेत किंवा पाण्यात नाही, ताटात आहे. मला ही हकिगत कधीच विसरता येत नाही. कुत्रा आपलं अन्न वाटून घेतो, त्याबरोबर आपला धोकाही वाटून घेतो.

म्हणून खवट, काळपट पडलेले, ओलसर वासाचे शेंगदाणे ‘आता आपण काही खात नाही, कुत्र्याला घाला’ असं कृपा करून म्हणू नका. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि कोठारातली हवा दमट होते. कोकणात हेच जून ते सप्टेंबरात घडतं. भाजल्यानं बुरशी मरते, पण तिचं विष पूर्ण जात नाही. यकृताचा त्रास काही दिवसांनी उघड होतो: भूक मंदावणं, हिरड्या आणि डोळे पिवळे पडणं, काळी विष्ठा. बुरशी आलेल्या अक्रोडावर मात्र वेगळ्या बुरशीचं वेगळं विष असतं, पेनिट्रेम. ते मज्जासंस्थेवर चालतं आणि काही तासांतच कुत्र्याचं सगळं अंग थरथरू लागतं. थरथर दिसली की घरी वाट बघायची नाही, सरळ दवाखाना.

आता वाटीतले बेदाणे. द्राक्षं आणि बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे पशुवैद्यांना वीसेक वर्षांपासून माहीत होतं. पण का? एक कुत्रा घमेलंभर द्राक्षं खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा मूठभर बेदाण्यांनी मरणाच्या दारात पोहोचतो. कीटकनाशक तपासलं, बुरशी तपासली, काही हाती लागेना. मग उत्तराचा धागा आला मुलांच्या खेळण्यातून. घरी केलेल्या खेळायच्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर घातलेलं होतं. ती कणीक एका कुत्र्यानं खाल्ली आणि त्याची मूत्रपिंडं थेट द्राक्षं खाल्ल्यासारखी बिघडली. द्राक्षं आणि कणीक यांत समान काय? टार्टारिक आम्ल! अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी २०२१ साली हा तर्क मांडला, आणि द्राक्षांची कोडी एकदम उलगडू लागली. पिकलेल्या आणि कच्च्या, या जातीच्या आणि त्या जातीच्या द्राक्षांत या आम्लाचं प्रमाण फार बदलतं. काही आम्लं रक्तातून लघवीत ढकलणारी यंत्रणा आपल्या मूत्रपिंडात असते, कुत्र्याची ती तोकडी पडते आणि आम्ल पेशींत साठत जातं, असं आता मानतात.

आता सांगा, टार्टारिक आम्लानं काठोकाठ भरलेला आपल्या स्वयंपाकघरातला पदार्थ कोणता? चिंच. सांबार प्रथम तंजावरच्या भोसले दरबारात झालं, आमसुलं संपली म्हणून डाळीत चिंच घातली गेली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या मुलखातल्या जेवणात चिंच ठायी ठायी आहे. चिंचभातातल्या शेंगदाण्यांची चिंता करत बसाल आणि धोका असेल तो त्यांच्याभोवतीच्या कोळात. कुत्र्यानं बेदाणे, द्राक्षं किंवा चिंच खाल्ली असेल तर ‘थोडीच होती’ या हिशेबावर विसंबू नका. त्याच्या बाबतीत सुरक्षित आकडा सांगता येत नाही, आणि लक्षणं दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं नुकसान झालेलं असतं.

अशीच फसगत पीनट बटरच्या बरणीत. साधं पीनट बटर म्हणजे तेलकट दाणेच. पण ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बरणीत कधी कधी झायलिटॉल असतं, वेष्टनावर ते ९६७ या क्रमांकानंही लिहिलेलं असतं. माणसाच्या शरीराला ते साखर वाटत नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडाला मात्र वाटतं! तो साखर आली असं समजून इन्शुलिनचा लोंढा सोडतो. साखर तर आलेलीच नसते, मग रक्तात होती तीच झरझर उतरते. अर्ध्या तासात कुत्रा लडखडू लागतो, कोसळतो, झटके येतात. दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम पुरतो, आणि मात्रा वाढली तर यकृतही जातं. चॉकलेटात घोळवलेले बदाम असतील तर चॉकलेटातल्या थिओब्रोमिनची भर पडते. आपलं शरीर ते काही तासांत निकालात काढतं, कुत्र्याच्या रक्तातली त्याची पातळी निम्म्यावर यायलाच सतरा-अठरा तास लागतात. तेव्हा ‘काजू खाल्ले’ एवढंच म्हणू नका. काजूबरोबर काय होतं, तिथे बहुतेकदा दुखणं लपलेलं असतं.

झाडावरच्या काजूबीची गोष्ट आणखी निराळी. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड गोवा-कोकणात आणि तमिळनाडूत पनरुटीकडे रुजलं. त्याच्या कवचातलं तेल इतकं दाहक असतं की बिया फोडणाऱ्या बायकांच्या हातांची सालटी निघतात. बागेत कच्ची बी चघळलेल्या कुत्र्याचं तोंड धुवून काढा, आणि फोड किंवा सूज दिसली तर डॉक्टरांना दाखवा. अख्खी सुपारी, सालासकट अक्रोड, फणसाची आठळी, करवंटीचा तुकडा यांतल्या विषाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी छोट्या कुत्र्याच्या आतड्यात हे तुकडे बुचासारखे अडकतात. वारंवार ओकारी, विष्ठा बंद, पोट ताठ, ही त्याची खूण. आणि जंगलातला काजरा, म्हणजे कुचला, याची बी कुत्र्यानं चावलेली असेल तर एक मिनिटही दवडू नका. मेंदूकडून स्नायूंना आकडण्याचा निरोप जातो तसा सैल पडण्याचाही जातो. काजऱ्यातलं स्ट्रिक्निन तो दुसरा निरोप अडवतं, आणि साध्या टाळीच्या आवाजानंही अख्खं शरीर धनुष्यासारखं ताठ होतं.

सुपारीचं नाव निघालं म्हणून थोडं थांबतो, कारण तिची गोष्ट उलटी आहे. ही बी कुत्र्याला औषध म्हणून चारत! एकोणिसाव्या शतकातले इंग्रज पशुवैद्य कुत्र्याच्या जंतांवर सुपारीची पूड देत. तिच्यातलं अॅरिकोलिन पट्टकृमीला लुळं पाडतं, आतड्याला धरलेली त्याची पकड सुटते, आणि त्याच वेळी कुत्र्याचं आतडं जोरानं आवळून त्याला बाहेर काढतं. एकाच रेणूची दोन जनावरांवर दोन कामं. न्यूझीलंडमध्ये मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून माणसांत जाणारा जलकोशाचा रोग फार माजला होता. १९५९ च्या कायद्यानंतर तिथे गावोगावची कुत्री ठरलेल्या जागी आणून त्यांना हे अॅरिकोलिन पाजत आणि बाहेर पडलेली विष्ठा तपासून पट्टकृमी शोधत. पुढे त्याहून चांगली औषधं आली, आणि २००२ साली त्या देशानं हा रोग हटल्याचं तात्पुरतं जाहीर केलं. श्रीवर्धनच्या बागेत किंवा कुंभकोणमच्या विड्यात दिसणारी बी, आणि तिच्यातल्या रेणूनं दूरच्या बेटांवर एका रोगाशी लढायला मदत केली! पण औषध आणि विष यांच्यातलं अंतर तिच्यात फार थोडं आहे. घरी सुपारी चारून जंत काढायचा प्रयोग करू नका. ओकारी, दम आणि मंदावलेलं हृदय हेही तिचेच परिणाम.

आणि मॅकाडेमिया. महागड्या डब्यांतून ती आता आपल्या घरी येऊ लागली आहे. ती खाल्ल्यावर बारा तासांच्या आत कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडतात, अंग तापतं, थरथर सुटते. ही विषबाधा कुत्र्यांतच नोंदली गेली आहे, आणि तिच्यातलं नेमकं विष कोणतं हे जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला अजून सांगता आलेलं नाही. दिलासा असा की बहुतेक कुत्री दोन दिवसांत उठून चालू लागतात. तरी त्या दोन दिवसांत ताप आणि पाणी यांकडे डॉक्टरांचं लक्ष हवंच.

हे सगळं कळलं तरी पहिला विचार मनात येतो तो ‘ओकून टाकायला लावू’ हाच. ओकणं ही कुत्र्याची मोठी देणगी आहे. उंदराला ओकता येत नाही, घोड्यालाही नाही. लांडग्याची मादी तर पिल्लांसाठी पोटातलं अन्न मुद्दाम वर काढते. पण म्हणून घशात बोट घालू नका आणि मिठाचं पाणी तर मुळीच पाजू नका. रक्तातलं मीठ एकदम वाढून मेंदूला इजा होते, म्हणजे काजूपेक्षा उपचार जीवघेणा. थरथरणाऱ्या किंवा गुंगीत असलेल्या कुत्र्याला ओकवलं तर ओकलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. पशुवैद्य वापरतात ते अॅपोमॉर्फिन. मॉर्फिनपासून तयार होणारं हे औषध मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्रावर बरोबर बोट ठेवतं आणि काही मिनिटांत पोट रिकामं होतं. तेच मांजरावर जेमतेम चालतं, कारण तिथलं कुलूप निराळं! त्याहून नवल असं की २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं एक औषध चक्क कुत्र्याच्या डोळ्यात टाकायचं असतं. डोळ्यात थेंब, आणि पोटातून काजू बाहेर.

हे सगळं साधतं ते साधारण दोन तासांच्या आत. त्यानंतर पोटातलं पुढे आतड्यात सरकलेलं असतं आणि ओकवून फायदा होत नाही. म्हणून आधी उरलेला सुकामेवा उचला, कुत्र्याच्या तोंडात काही असेल तर जपून काढा, आणि गाडी काढता काढताच दवाखान्यात फोन करा. कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता, आणि आत्ता तो कसा आहे, या पाच गोष्टी एका दमात सांगा. पाकीट किंवा बरणी बरोबर घ्या. मागच्या बाजूचं बारीक अक्षर तुम्ही वाचलं नसलं तरी डॉक्टर वाचतील. कुत्र्यानं वाटेत ओकलंच तर तेही एका पिशवीत भरून न्या.